आदेश पोचला, कारण वाटेतच राहिलं

रात्री साडेनऊला ग्रुपवर एक पीडीएफ येते. खाली दोन-तीन ओळी असतात: ‘सोबतच्या नमुन्यातील माहिती उद्या सकाळी ११ पर्यंत सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. दिरंगाई झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’ राज्यातल्या कुठल्याही शिक्षकाला, ग्रामसेवकाला, तलाठ्याला किंवा आरोग्यसेविकेला हा मजकूर पाठ असतो (निरंक म्हणजे शून्य, कळवण्यासारखं काही नाही). त्यावरून दर काही महिन्यांनी वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन बाजू समोरासमोर येतात. एक बाजू म्हणते, मोबाइल आमचा, रात्र आमची, रविवारही आमचा. व्हॉट्सॲपवरचा आदेश हा आदेशच नव्हे. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेल्या २०१८ च्या खासगी विधेयकाचा दाखला इथे हमखास निघतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क त्यात मागितला होता. दुसरी बाजू म्हणते, पूर्वी जिल्हा परिषदेतून निघालेला कागद गावात यायला आठवडा लागायचा, आता मिनिट लागतं. कामचुकारांना तेवढं निमित्त हवं असतं. खासगी कंपन्यांत हाच वाद जरा इस्त्री केलेल्या कपड्यांत चालतो. तिथे ‘पारदर्शकता’ हा शब्द असतो, महिन्यातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून साहेब स्लाइड दाखवतात, आणि मग जास्त सांगितलं की कमी यावर चर्चा होते.

हे सगळे वाद मला बाजूला गेलेले वाटतात. कधी सांगितलं, कशावरून सांगितलं, किती सांगितलं, एवढ्यापुरतीच सगळी भांडणं. त्या साडेनऊच्या पीडीएफमध्ये ही माहिती कशासाठी हवी आहे याची एक ओळही नव्हती, याबद्दल कोणीच का बोलत नाही? माझं म्हणणं सरळ आहे. वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक सूचनेबरोबर तिचं कारण गेलंच पाहिजे, आणि ज्याला ती पाळायची आहे त्याला वर प्रश्न विचारायची वाट उघडी असली पाहिजे. या दोन गोष्टी असतील तर माध्यम व्हॉट्सॲप असो, टपाल असो की दवंडी, फारसं बिघडत नाही. त्या नसतील तर सकाळी दहाला, कार्यालयीन वेळेत, जावक क्रमांकासह आलेला कागदही आंधळाच. कारण सांगणं म्हणजे हाताखालच्यांशी गोड बोलणं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कोणताही आदेश प्रत्यक्ष जागेवरच्या सगळ्या परिस्थिती गृहीत धरू शकत नाही. कागद जिथे संपतो तिथून पुढचा निर्णय कामावरच्या माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला त्याच्या हाती कारणाखेरीज दुसरं साधन नसतं.

आपल्याकडे याचा सगळ्यात उत्तम नमुना साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना पत्र लिहिलं. पावसाळा तोंडावर होता, दाणागोटा आणि वैरण बेताची होती. साध्या सरदाराने लिहिलं असतं: दाणा जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, आगीची काळजी घ्या. तीन वाक्यांत काम झालं असतं. महाराज तसं करत नाहीत. ते सांगतात, आहे तोवर मनाला येईल तसं उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही गावाकडे वळाल. कोणी कुणब्याकडचे दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. जे कुणबी कसाबसा जीव धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि त्यांना वाटेल की मुलखात मोगल आले त्याहून तुम्ही अधिक. आगीबद्दल तर ते उंदरापर्यंत जातात: रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, एक खोपटं पेटलं की सगळी पेटतील.

त्यातलं एक वाक्य मला आजच्या प्रत्येक कार्यालयात लावावंसं वाटतं. आशय असा की, एकदा सगळं जळून गेल्यावर कुणब्यांच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली तरी नवं बांधायला एक लाकूड मिळणार नाही. ज्याच्या शब्दावर खरोखर मुंडकी उडू शकत होती तो राजा सांगतोय की शिक्षेने लाकूड उगवत नाही. आणि ज्यांच्या हातात फार तर कारणे दाखवा नोटीस असते ते ‘व्यक्तिशः जबाबदार’ यावर मजकूर संपवतात! महाराजांच्या पत्रातली धमकी कमी नाही, ती चांगली कडक आहे. पण ती कारणांच्या शेवटी येते, त्यांच्या जागी येत नाही. हलवर्णच्या हवालदारापुढे उद्या पत्रात न लिहिलेला प्रसंग आला असता, समजा कोणी चुलीऐवजी चिलीम पेटवली असती किंवा वारा नको त्या बाजूने सुटला असता, तर काय करायचं हे त्याला वर न विचारता कळलं असतं. (तंबाखूसाठी घेतलेल्या विस्तवाचा आणि वाऱ्याचा उल्लेखही पत्रात आहे, हे सांगायला हवं. राजाने फार काही हवालदाराच्या कल्पनेवर सोडलेलं नव्हतं.)

आजच्या प्रशासनाला कारण लिहिण्याची सवयच नाही, असंही नाही. कोणताही शासन निर्णय उघडून पाहा. वर संदर्भ, मग ‘प्रस्तावना’, मग निर्णय. प्रस्तावनेत कारण असतं. कधी बरं लिहिलेलं, कधी बोजड, पण असतं. घोटाळा खाली उतरताना होतो. मंत्रालयातून आयुक्तालय, तिथून शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. प्रत्येक पायरीवर कारण थोडं झिजतं, मुदत थोडी आखडते आणि ताकीद थोडी जाड होते. शेवटी मुख्याध्यापकाच्या हातात रकाने उरतात. याचा परिणाम काय होतो ते शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यावर पाहता येतं. बीड किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या गावातलं मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं आहे. पटावर त्याचं नाव आहे, वर्गात ते नाही. त्याला शाळाबाह्य धरायचं का? हंगामी वसतिगृहाची गरज काढायला माहिती मागवली असेल तर धरलंच पाहिजे, नाहीतर वसतिगृह मंजूर होणार नाही आणि पुढच्या वर्षीही ते मूल फडावरच जाईल. गळतीबद्दल शाळेला जाब विचारायला मागवली असेल, तर कोण शहाणा ते लिहील? कारण माहीत नसलेला मुख्याध्यापक सगळ्यात सुरक्षित शब्द लिहितो: निरंक. तो खोटं बोलतो असं म्हणणं सोपं आहे, पण त्याला खरं बोलायला लागणारा धागाच कोणी दिलेला नसतो. वरचा अधिकारी मग निरंकांची बेरीज करतो, तीही निरंक येते, आणि प्रश्न सुटल्याची नोंद होते.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. तिच्याकडे चांगले मुद्दे आहेत आणि ते नेहमी हसण्यावारी नेले जातात.

पहिला मुद्दा गुप्ततेचा. काही निर्णय आधी सांगता येत नाहीत, आपल्या माणसांनाही नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याचं बँकेच्या कारकुनाला ग्राहकाबरोबरच, टीव्हीवरून कळलं. तो निर्णय बरोबर होता की चूक हा इथला विषय नाही. पण तो करायचाच असेल तर शाखाशाखांत आधी कुजबुज होऊ देणं शक्य नव्हतं, हे कोणीही मान्य करील. मग ९ नोव्हेंबरनंतरचं काय? गुपित फुटलं होतं, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तरी पुढचे पन्नास दिवस काउंटरवर नियम येत राहिले ते असेच, कारणाशिवाय. नोटा बदलून देण्याची मर्यादा चार हजार, मग साडेचार हजार, १८ नोव्हेंबरपासून दोन हजार, आणि २४ ला बदलणंच बंद. मध्येच बोटाला शाई लावायचा आदेश. तेच तेच लोक पुन्हा रांगेत येतात म्हणून शाई, हे कारण दिल्लीत पत्रकार परिषदेत सांगितलं जायचं. काउंटरवरच्या माणसाला ते रांगेतल्या माणसाकडून कळायचं. १९ डिसेंबरचा नियम तर नमुनेदार होता. पाच हजारांहून जास्त रकमेच्या जुन्या नोटा भरायला आलेल्याला, बँकेच्या किमान दोन अधिकाऱ्यांसमोर, इतके दिवस का भरल्या नाहीत हे विचारायचं आणि उत्तर नोंदवून घ्यायचं. ग्राहक उलट म्हणायचा, ३० डिसेंबरपर्यंत मुदत आहे असं सरकारनेच सांगितलं होतं ना? ज्याला स्वतःला ‘का’ सांगितलेलं नाही त्याने समोरच्याला ‘का’ विचारायचं! दोन दिवसांत, २१ तारखेला, केवायसी पूर्ण असलेल्या खात्यांपुरता तो नियम मागे घेतला गेला.

महाराष्ट्राला त्यातलं एक परिपत्रक विशेष लागलं. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा बदलून द्यायला आणि जमा करून घ्यायलाही मनाई केली. त्याआधीचे चार-पाच दिवस त्याच बँका त्या घेत होत्या. राज्यात अशा ३१ बँका, त्यांच्या खाली गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, आणि शेतकऱ्याचं बरंचसं पीककर्ज याच साखळीतून. परिपत्रकात मनाईची ओळ होती, तिच्यामागचं कारण नव्हतं. मग कारणं गावातच तयार झाली. कोणी म्हणालं, सहकारातल्या पुढाऱ्यांना धडा शिकवायचाय. कोणी म्हणालं, बँक बुडतेय. शाखाधिकाऱ्याला यातलं काहीच खोडता येईना, कारण खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं. काळा पैसा या वाटेने पांढरा होईल ही भीती वर असेल, ती रास्तही असेल. पण ती स्पष्ट शब्दांत खालच्या शाखेपर्यंत आली असती तर निदान खातेदाराशी बोलायला शाखाधिकाऱ्याच्या तोंडात एक वाक्य असतं. गुप्ततेला विषयाची आणि वेळेची हद्द असते. आपल्याकडे ती एकदा सुरू झाली की संपवायचं कोणाला आठवत नाही.

दुसरा मुद्दा घाईचा. आग लागली असता बंबावरच्या जवानाला कारणमीमांसा ऐकवत बसायचं का? सैन्यात प्रत्येक हुकमाला स्पष्टीकरण जोडलं तर लढाई कधी व्हायची? हे बोलणाऱ्यांना २५ ऑक्टोबर १८५४ ची बालाक्लावाची लढाई आठवून द्यावीशी वाटते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकाडावर उभा होता. तिथून त्याला दिसत होतं की पलीकडच्या डोंगरधारेवरच्या, सकाळीच हातच्या गेलेल्या तोफा रशियन सैनिक ओढून नेत आहेत. त्याने चिठ्ठी लिहवली: घोडदळाने वेगाने पुढे जावं, शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. शेवटी ‘तात्काळ’ होतंच. चिठ्ठी घेऊन कॅप्टन नोलन खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन याच्याकडे गेला. लुकन जिथे होता तिथून त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याने विचारलं, कोणत्या तोफा? नोलनने तिरसटपणे हात फिरवून दाखवला, तो दरीच्या टोकाकडे, जिथे रशियनांचा मुख्य तोफखाना मांडलेला होता. साधारण ६७० घोडेस्वार सरळ त्या तोफखान्यावर चालून गेले. शंभराहून जास्त मेले, त्याहून अधिक जखमी झाले, आणि पहिल्या काही मृतांत खुद्द नोलन होता.

चिकित्सक वाचक म्हणेल, इथे हेतू तर लिहिला होता, ‘तोफा नेऊ देऊ नका’! खरं आहे. पण तो टेकाडावरून लिहिलेला हेतू होता. वर उभ्या माणसाला जे दिसतं ते खालच्यालाही दिसतच असणार, हे नेत्याच्या बोलण्यातलं सगळ्यात महागडं गृहीतक. ‘आपल्या गेलेल्या तोफा, उजवीकडच्या धारेवरच्या’ एवढे पाच-सहा शब्द वाढले असते तर किती वेळ गेला असता? आणि तेही राहिले असतील तर लुकनने योग्य प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर द्यायला मात्र जो आला होता तो फक्त निरोप्या होता, त्यातही मानी. परत वर विचारायला स्वार पाठवणं म्हणजे कच खाणं, अशी त्या सैन्यातली हवा होती. त्याच शतकात पुढे मोल्टकेच्या प्रशियन सैन्याने नेमका उलटा रिवाज पाडला: काय साधायचंय ते खालच्या अधिकाऱ्याला सांगायचं, कसं साधायचं ते त्याच्यावर सोडायचं. त्या सैन्याला कोणी ढिलं किंवा बेशिस्त म्हटल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा घाई हे कारण गाळण्याचं निमित्त होऊ शकत नाही. घाई जितकी जास्त तितकी चुकीची दुरुस्ती करायची संधी कमी, म्हणून तर ते एक वाक्य जास्त गरजेचं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. कारण सांगितलं की वाद सुरू होतो, आणि सगळ्यांना पटेल असं कारण नसतंच. अगदी बरोबर. चौरीचौऱ्यानंतर, १२ फेब्रुवारी १९२२ ला बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणीने असहकाराची चळवळ थांबवली. देशभर हजारो माणसं तुरुंगात होती. मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय असे नेते आतूनच भडकले: एका गावातल्या हिंसेसाठी सगळा देश का थांबवायचा? गांधीजींनी कारण लपवलं नाही. त्यांनी ते आपल्या साप्ताहिकात छापलं, पाच दिवस उपवास केला, आणि १९ फेब्रुवारीला तुरुंगातल्या जवाहरलालांना सविस्तर पत्र लिहिलं. पटलं का? मोतीलालांना नाही पटलं. लजपतरायांनाही नाही. जवाहरलाल त्याबद्दलची खंत पुढेही लिहीत राहिले. म्हणजे कारण सांगितल्याने संमती मिळतेच असा दावा करणारे भाबडे आहेत, आणि व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत तो दावा रोज केला जातो.

पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. मतभेद उघड झाला, त्याचा मुद्दा सगळ्यांना माहीत होता, म्हणून त्याला रूप देता आलं. १ जानेवारी १९२३ ला चित्तरंजन दास आणि मोतीलाल यांनी स्वराज पक्ष काढला, आपल्याकडचे न. चिं. केळकर त्यात गेले, कायदेमंडळात जायचं की नाही यावर दोन-तीन वर्षं खडाजंगी झाली, आणि तरी ही सगळी मंडळी काँग्रेसमध्येच राहिली. कारण दडवलं असतं तर वाद टळला असता का? फक्त त्याचा विषय बदलला असता. ‘निर्णय बरोबर की चूक’ याऐवजी ‘म्हाताऱ्याच्या मनात नक्की काय आहे’ यावर लोक बोलत बसले असते. कोणत्याही कार्यालयाच्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर हा दुसरा वाद ऐकू येतो. बदलीचं खरं कारण काय, प्रकल्प अचानक का थांबला, नव्या साहेबांचा कोणाशी घरोबा आहे. जिथे कारण येत नाही तिथे माणसं ते स्वतः बनवतात, आणि बनवलेलं कारण नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतं. पहिल्या वादात निदान कामाबद्दल बोलणं होतं.

चौथा मुद्दा उघडपणे कोणी मांडत नाही, पण अधिकाऱ्यांच्या खासगी बोलण्यात हटकून येतो: जितकं कमी लिहाल तितकं सुरक्षित. लिहिलेलं कारण न्यायालयात अंगावर येतं. यात तथ्य आहे. मोहिंदरसिंग गिल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगून ठेवलंय की सरकारी आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरूनच तपासायची. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून त्याला टेकू देता येणार नाही. मग कारण लिहूनच का ठेवायचं? त्यातून तोंडी आदेशाची आपली थोर परंपरा फुलते. ‘साहेबांनी सांगितलंय.’ कोणत्या साहेबांनी, केव्हा, कशासाठी, हे विचारायचं नाही. काम सुरळीत झालं तर साहेबांचं, बिघडलं तर करणाऱ्याचं. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमांवर काम करू नये, असे हुकूम लेखी नोंदवावेत. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं चौथं कलम तर त्याआधीच, २००५ पासून, प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यायला सांगतं. म्हणजे ज्याच्या रेशनकार्डावर निर्णय होतो त्या माणसाला कारण मागायचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी करणारा पुरवठा कार्यालयातला लिपिक मात्र ते न कळता फाइल पुढे सरकवतो. लिहिलेलं कारण न्यायालयात टिकणार नाही अशी भीती वाटत असेल, तर शंका कारणावर घ्यायला हवी.

आणि शेवटी माहितीच्या ढिगाचा आक्षेप. लोकांना वाचायला वेळ नाही, सगळं सांगत बसलात तर कामाचं काय ते हरवेल. कबूल, पूर्ण कबूल. पण कारण सांगणं आणि सगळं सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नास पानी पीडीएफ ग्रुपवर टाकून ‘अवलोकन करावे’ लिहिणारा अधिकारी कारण देत नाही, तो पुरावा तयार करतो. रेल्वेत गाडीच्या चालकाला कॉशन ऑर्डर मिळते. अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत, इतका वेग, आणि कारण. रुळांचं काम चाललंय की पुलाची दुरुस्ती, हे एका रकान्यात मावतं. चालक सही करून ती घेतो. फाटकावरचा गेटमन आणि स्टेशनमास्तर यांच्यात फाटक बंद झाल्याची खात्री प्रायव्हेट नंबर, म्हणजे एक गुप्त क्रमांक, देऊन होते. नुसतं ‘हो साहेब’ पुरत नाही. रोज लाखो माणसं ज्या कामावर जीव टाकून झोपतात तिथे हे जमतं, आणि शिक्षण खात्याच्या तक्त्यात ‘प्रयोजन’ असा एक रकाना वाढवायला जागा नाही?

पोचणं म्हणजे कोणाकडे पोचणं, हाही प्रश्न आहेच. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर कझाकस्तानचं इल्युशिन आणि सौदी बोइंग आकाशात एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला पंधरा हजार फुटांपर्यंतच उतरायला सांगितलं होतं. समोरून विमान येतंय, हेही सांगितलं होतं. म्हणजे सूचना होती, कारणही होतं. पण नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा होता रेडिओ ऑपरेटर, आणि विमान होतं वैमानिकांच्या हातात, ज्यांचं इंग्रजी बेताचं होतं. ऑपरेटरसमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रही नव्हतं. सूचना विमानापर्यंत पोचली, सुकाणू धरलेल्या हातांपर्यंत वेळेत नीट पोचली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं, तेव्हा त्यांच्या तक्रारींत फोनच्या दर्जाबरोबर हेही होतं की पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते. गावातलं मूल किती ग्रॅम वाढलं हे ज्या बाईला सगळ्यात आधी कळतं तिच्या भाषेत तेव्हा ॲप नव्हतं, आणि आपण वाद घालतो तो मेसेज रात्री यावा की सकाळी यावर.

राहिली परत विचारायची वाट. बहुतेक सरकारी आणि बऱ्याचशा खासगी ग्रुपांवर एक सेटिंग लावलेलं असतं: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. त्यामागचं कारण मला समजतं. नाहीतर आदेशाखाली दीडशे ‘ओके सर’, चाळीस हात जोडलेले, आणि त्यात एखादं गुलाबाचं फूल. खरा प्रश्न त्या गर्दीत सापडणारच नाही. पण वाट पूर्ण बंद करणं हा त्यावरचा उपाय कसा? आदेश काढणाऱ्याने खाली दोन ओळी वाढवाव्यात: ही माहिती अमक्या कामासाठी हवी आहे, शंका असल्यास अमुक कर्मचाऱ्याला उद्या दहा ते बारा या वेळात विचारा. दुपारी बाराला तेच तेच प्रश्न एकत्र करून उत्तरं ग्रुपवर टाकावीत, म्हणजे दीडशे जणांना एकच गोष्ट दीडशे वेळा सांगावी लागणार नाही. मुदत मग सकाळी अकराची ठेवता येणार नाही, हे उघड आहे. ती दोन दिवसांनी पुढे जाईल, आणि तक्त्यातले निरंक कदाचित कमी होतील. या दोन ओळींसाठी शासन निर्णय काढावा लागत नाही, वित्त विभागाची मान्यताही लागत नाही.